प्रभाग 7, गतिरोधक 1

नगरपरिषदेच्या कायद्यात आम्हाला ‘सदस्य’ म्हणतात. लग्नपत्रिकेत ‘मा. नगरसेवक’ छापतात. आणि दोन दिवस नळाला पाणी आलं नाही की आमच्या आळीत जे म्हणतात, ते इथे छापण्याजोगं नाही.

आमचं गाव कृष्णाकाठचं, नगरपरिषद ‘क’ वर्गातली. म्हणजे गावात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि नगरसेवकाला जरा जास्तच ओळखतात. मी पहिल्यांदा निवडून आलो 2016 साली. मतदान 27 नोव्हेंबरला होतं आणि 8 तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. एरवी निवडणुकीत पैशाचा महापूर येतो म्हणतात. आमच्या निवडणुकीत कोरडा दुष्काळ. त्यात माझं चिन्ह कपबशी. जाईन तिथे लोक म्हणायचे, ‘‘कपबशी घिऊन आलाय, आत च्या कुठाय?’’ टपरीवाल्याकडे महिनाभर उधारी चालली. गंमत म्हणजे त्याच दिवसांत जुन्या नोटांनी घरपट्टी भरायची सवलत मिळाली, आणि दहा-दहा वर्षं थकबाकी ठेवणारे लोक नगरपालिकेच्या दारात रांग लावून उभे राहिले. त्या रांगेत मी प्रचार केला. लोक दोन-दोन तास हलत नव्हते. असा श्रोता मला पुन्हा मिळाला नाही.

निवडून आल्यावर मी अभ्यासाला बसलो. मास्तरकी केलेल्या माणसाला ती खोड असतेच. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी 18 विषय दिलेत, नगररचनेपासून गुरांच्या कोंडवाड्यापर्यंत. मी ते पाठ केले. पाच वर्षांत माझ्याकडे आलेला प्रत्येक मतदार एकोणिसावा विषय घेऊन आला. शेजाऱ्याच्या शेवग्याची फांदी आपल्या कौलावर आलीय. समोरच्यांचा कोंबडा पहाटे साडेतीनला आरवतो, त्याला काही वेळेचं बंधन? दारातला दिवा रात्रभर डोळ्यांवर येतो, तो बंद करा. आणि त्याच खांबापलीकडच्या काकू, दिवा मिणमिणता आहे, मोठा बसवा. मी भाषणात ‘भुयारी गटार योजना’ म्हणालो की टाळ्या पडायच्या. भाषण संपलं की एक आजोबा बाजूला घेऊन विचारायचे, ‘‘ते भुयारी हुईल तवा हुईल, पर आमच्या दारम्होरल्या गटारीवर एक फरशी टाकशील का, बाळा?’’

ती फरशी मी टाकली. पुढच्या महिन्यात गटार तुंबलं तेव्हा सफाई कामगाराला ती उचलता येईना. फरशी कुणी टाकली याची चौकशी झाली.

पण माझं खरं स्मारक म्हणजे गतिरोधक.

मारुतीच्या देवळापाशी आमचा रस्ता वळतो. तिथे शाळा सुटायच्या वेळेला एका पोराला मोटरसायकलचा धक्का लागला. फार काही झालं नाही, गुडघा खरचटला. पण संध्याकाळी पंधरा-वीस बायका माझ्या अंगणात. ‘‘गतिरोधक पायजे. आठ दिवसांत.’’ मी म्हणालो, मागणी रास्त आहे, रीतसर करू. हा ‘रीतसर’ शब्द मी तेव्हा नवीनच शिकलो होतो.

गतिरोधक कसा असावा याचंही शास्त्र आहे, हे मला ठाऊक नव्हतं. भारतीय रस्ते काँग्रेस म्हणून 1934 साली स्थापन झालेली संस्था आहे, ती ही मापं ठरवते. गोलाकार उंचवटा, वाहनाच्या दिशेने रुंदी 3.7 मीटर, मधली उंची 10 सेंटिमीटर, म्हणजे ताशी 25 किलोमीटरच्या वेगाने गाडी अलगद पलीकडे जाते. हे मी आमच्या आघाडीच्या बैठकीत सांगितलं तेव्हा एका कार्यकर्त्याने काळजीने विचारलं, ‘‘दादा, ही कुठली काँग्रेस? आपली युती हाय का त्यांच्यासंगं?’’

सर्वसाधारण सभेत विषय आला. सूचक मी. अनुमोदक मिळवायला तीन सभा गेल्या, कारण प्रत्येकाला आधी आपल्या प्रभागात गतिरोधक हवा होता. मग अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा. आठ दिवसांचे चौदा महिने झाले. शेवटी एका रात्री ठेकेदाराची माणसं आली, दुसऱ्या कुठल्या तरी कामाचं उरलेलं डांबर ओतलं आणि पहाटेच्या आत निघून गेली. सकाळी बघतो तर रस्त्यात म्हैस बसावी तसा गतिरोधक. मी टेप घेऊन गेलो. रुंदी दीड हात, उंची एक वीत. 3.7 मीटरचा सगळा ऐवज त्यांनी उभा केला होता. वर पांढरे पट्टे मारायचे, तेही ठरावात होते. पण रंगाचं ‘हेड’ वेगळं निघालं आणि त्या हेडात शिल्लक नव्हती.

गावाचे दोन तट पडले. शाळेच्या बाजूच्या बायका खूश. कोपऱ्यावरचा वडापाववाला तर माझ्या फोटोला हार घालायचा बाकी राहिला, कारण प्रत्येक गाडी त्याच्या कढईसमोर थांबल्यासारखी व्हायची आणि वासाने माणूस उतरायचा. उलट पलीकडच्या आळीतल्या गुरुजींचा मणका सरकलेला, ते रिक्षातून जाताना प्रत्येक वेळी माझं नाव घ्यायचे. अंडीवाल्याने फुटलेल्या अंड्यांचा हिशोब एका वहीत ठेवला आणि वही मला आणून दाखवली. एका बाईला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेताना म्हणे त्या गतिरोधकावरच मोकळी होते की काय असं झालं; पुढे मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप, तर तो माझ्या कामाचा गुण असंही काही जणांनी पसरवलं. मी खंडन केलं नाही.

मुदत संपली. पुढची निवडणूक वेळेवर होईल असं सगळ्यांना वाटत होतं, पण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, प्रभागरचना पुन्हा पुन्हा झाली आणि नगरपालिकेवर प्रशासक बसले. चार वर्षं आम्हाला ना खुर्ची, ना सभा, ना भत्ता. फोन तेवढा चालू राहिला. लोकांनी मला कधी माजी मानलंच नाही. टाकीचं पाणी सुटलं नाही की पहिली हाक मलाच. मी सांगायचो, ‘‘अहो, मी आता पदावर नाही.’’ तर उत्तर यायचं, ‘‘पदावर होता तवा तरी कुठं सुटायचं वेळेवर?’’ दारावरची पाटीसुद्धा बदलावी लागली नाही. ‘मा. नगरसेवक’ यातला ‘मा.’ माननीय की माजी, हे मराठी भाषेने मोठ्या मनाने मोघम ठेवलं आहे.

2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि दिवाळीच्या तोंडावर आमच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. आरक्षणाच्या सोडतीला मी पहिल्या रांगेत बसलो होतो. शाळेतली एक मुलगी बरणीतून चिठ्ठी काढते आणि चाळीस बाप्ये श्वास रोखून तिच्या हाताकडे बघतात. प्रभाग 7 ‘अ’ महिलेला गेला, ‘ब’ सर्वसाधारण निघाला. मी सुस्कारा सोडला. घरी आल्यावर सौ. म्हणाली, ‘‘दोन्ही महिलांना गेले असते तर बरं झालं असतं. मी सहज निवडून आले असते.’’ यात अतिशयोक्ती नव्हती. मी सभेत असायचो तेव्हा दारी आलेल्यांना चहा पाजून समजूत घालून परत पाठवणारी तीच होती.

अर्ज भरणं हे एक स्वतंत्र प्रकरण. थकबाकी नसल्याचा दाखला, 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या अपत्यांची माहिती, आणि शपथपत्र. शपथपत्रात बायकोचं सोनं ग्रॅमात लिहावं लागतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली. ते वजन मला पहिल्यांदा कळलं, आणि माझं पतसंस्थेतलं कर्ज तिला. त्या रात्री जेवताना आचारसंहिता कडक होती.

चिन्हवाटपात कपबशी दुसऱ्याला गेली. मला नारळ मिळाला. ज्याला नारळ देऊन घरी पाठवायचं असतं त्याच्या हाती निवडणूक अधिकाऱ्याने आधीच नारळ द्यावा, याला काय म्हणायचं? कार्यकर्ते समजूत घालत होते, ‘‘दादा, शुभ हाय. कुठल्याबी कामाचा नारळच फुटतो.’’ पण विरोधकाने त्याच संध्याकाळी कोपरासभेत सांगून टाकलं, ‘‘दादांना आयोगानंच नारळ दिलाय, आता आपण फक्त निरोप द्यायचा.’’ मला मनातून दाद द्यावीशी वाटली.

हा विरोधक म्हणजे 2016 मध्ये माझी पत्रकं वाटणारा पोरगा. तेव्हा मिसरूड फुटत होतं. आता त्याची दाढी कोरीव, गळ्यात मफलर आणि चौकात ‘भावी नगरसेवक’ असा फलक. त्याचा जाहीरनामा एका ओळीचा होता: निवडून आल्यापासून तीस दिवसांत गतिरोधक हटवणार. माझा जाहीरनामा आठ पानांचा. अभ्यासिका, नदीघाटाची दुरुस्ती, ओला-सुका कचरा. तो कुणी वाचला असेल तर फक्त छापखान्यातल्या माणसाने. आणि त्यानेही ‘घनकचरा’चं ‘घरकचरा’ करून ठेवलं.

घरोघर गेलो. ‘क’ वर्गात सदस्याला खर्चाची मर्यादा अडीच लाख, आणि वडापाव कितीचा धरायचा हेही अधिकाऱ्यांच्या दरपत्रकात ठरलेलं. रोज रात्री मी आणि माझा भाचा वड्यांचे हिशोब लिहायला बसायचो. एका घरात मी अभ्यासिकेबद्दल पाच मिनिटं बोललो. आजी शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘समदं चांगलं बोललास. आता गतिरोधकाचं काय ते सांग.’’ पलीकडच्या घरात नवरा ‘काढा’, बायको ‘ठेवा’. मी अंगणात उभा आणि आत भांडण पेटलं. मला वाटलं, एक मत मिळालं, एक गेलं, बरोबरी झाली. नंतर कळलं की दोघांनी समेट म्हणून तिसऱ्यालाच मत दिलं.

आणि त्या पोराची हुशारी बघा. प्रचाराला तो उभा राहायचा कुठे, तर गतिरोधकाच्या पलीकडे. गाडी हळू झाली की हा पुढे होऊन पत्रक द्यायचा, ‘‘बसला न्हवं दणका? बटण ध्यानात ठेवा.’’

2 डिसेंबरला मतदान झालं. प्रत्येकाने तीन मतं द्यायची, एक नगराध्यक्षाला आणि दोन सदस्यांना. म्हाताऱ्या माणसांना ते समजावता समजावता घसा बसला. दुपारी बातमी आली की मतमोजणी उद्या नाही. काही ठिकाणचं मतदान 20 तारखेवर गेलं होतं, म्हणून उच्च न्यायालयाने सगळीकडचा निकाल 21 लाच लावायचा आदेश दिला. यंत्रं कुलपात गेली आणि आम्ही अधांतरी.

ते एकोणीस दिवस मी विसरणार नाही. हरलेल्या माणसाशी कसं वागायचं हे गावाला माहीत असतं, जिंकलेल्याशी त्याहून चांगलं माहीत असतं. ना हरलेला ना जिंकलेला माणूस बघून लोक गोंधळतात. नमस्कारासाठी निघालेला हात अर्ध्यातून केसांवरून फिरायचा. हारवाल्याने विचारलं, ‘‘ऑर्डर धरू का?’’ टपरीवाल्याने विचारलं, ‘‘उधारी आत्ताच देताय का निकालानंतर?’’ एका लग्नात मला मानाचा फेटा बांधला, पण सैल. सौ.ने फराळाचे डबे घासून ठेवले आणि ‘‘निकाल लागला की ठरवू’’ म्हणून लाडू करायचे टाळले.

21 तारखेला मी चौदा मतांनी पडलो.

दुपारी मिरवणूक निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकर, गुलाल, आणि पुढे उघड्या जीपमध्ये तो पोरगा. मारुतीपाशी मिरवणूक आली आणि रीतसर हळू झाली. जीप चढली, उतरली. ट्रॉली मात्र म्हशीवर पोट टेकून अडकली. वरचा एक स्पीकर तिरका झाला, गाणं मध्येच थांबलं. वडापाववाल्याची त्या अर्ध्या तासात दोन घाणे भजी गेली. तेवढ्यात पोरगा खाली उतरून माझ्या अंगणात आला, वाकून नमस्कार केला. गुलालाने तोंड ओळखू येत नव्हतं.

‘‘काय रे,’’ मी विचारलं, ‘‘तीस दिवसांत काढतोस ना हा?’’

त्याने एकदा ट्रॉलीकडे बघितलं, एकदा पलीकडे उभ्या राहिलेल्या बायकांकडे. मग म्हणाला, ‘‘बघू की दादा. आधी अंदाजपत्रक करावं लागंल. रीतसर.’’

गतिरोधक आहे तिथेच आहे. आमच्याकडे रात्री येणार असाल तर मारुतीच्या देवळापाशी गाडी जरा हळू घ्या. पांढरे पट्टे मारायचे अजून राहिलेत.