अकरावा घरी नसतो म्हणे!

अहो, ऐकलंत का? सोडियमकडचा अकरावा इलेक्ट्रॉन हल्ली घरी नसतो म्हणे!

एकटा अणू होता तेव्हा काय वळण होतं त्या घराला! आत दहा जण मुकाट्यानं बसलेले, बाहेरच्या कक्षेत हा एकुलता. ऊर्जेच्या पायऱ्या ठरलेल्या, अधेमधे लोंबकळणं चालायचं नाही. गॅसच्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकून बघा. ज्योत पिवळीधमक होते ती यानं वरच्या पायरीवरून खाली उडी मारली म्हणून. रंगही दर वेळी तोच, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा. इतका शब्दाचा पक्का!

पण अणू खेटून बसले, धातू झाला, की संपलंच. पायऱ्या इतक्या दाटीनं येतात की त्यांचा सलग पट्टा होतो आणि हा पोरगा कुणा एकाचा म्हणून उरत नाही. कॉलेजात रॉकेलमधून काढलेला सोडियम सुरीनं कापताना पाहिलाय ना? ताजा काप चांदीसारखा चकाकतो, पिवळेपणाचा मागमूस नाही! पट्ट्यातली ही मोकाट मंडळी आलेला उजेड बहुतेक सगळा परतवून लावतात.

तांब्याकडे तर विचारूच नका. दर अणूमागे एक जण बाहेर. एका घन सेंटिमीटरात ८ वर २२ शून्यं देऊनही मोजदाद अपुरी पडते! १९०० साली पाउल ड्रूड यांनी त्यांना वायूच्या कणांसारखं उधळलेलं ठरवलं. मग धातू तापवल्यावर यांनी उष्णताही तशीच प्यायला हवी होती. पण नेहमीच्या तापमानाला यांचा वाटा जेमतेम शेकडा एक!

खरी भानगड १९२७-२८ मध्ये आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी उघड केली. ही पोरं पाउलीचा नियम अजून पाळतात! एका अवस्थेत एकच जण. खालच्या सगळ्या जागा भरलेल्या, त्यामुळे हलायला वाव फक्त काठावरच्या मूठभरांना. तांब्यात ते सेकंदाला सुमारे १,६०० किलोमीटर वेगानं चहूकडे धावतात. आणि पुढे सरकतात किती? एक चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह सोडला, तर तासाला साधारण वीतभर!

तरी बटण दाबताक्षणी पंखा फिरतो, कारण विद्युतक्षेत्राचा धक्का तारभर जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं जातो आणि सगळे एकदमच हलतात. तेव्हा या पोरांना नावं ठेवायचीच असतील, तर आधी पंखा बंद करा.