हाती स्टिअरिंग, मुखी पुराण

आयर्लंडमधील वारसास्थळे आणि निसर्गशोभा आठ-दहा दिवसांत दाखवून आणणाऱ्या बससहलींमध्ये वाहन चालवणारा एक आणि माहिती सांगणारा दुसरा, अशी विभागणी असतेच असे नाही. पुष्कळ सहलींत ही दोन्ही कामे एकाच इसमाच्या गळ्यात पडलेली असतात, आणि माइकही त्याच गळ्यात अडकवलेला असल्यामुळे प्रवाशांची जशी त्यातून सुटका होत नाही, तशी त्याचीही होत नाही. व्यवसायाच्या परिभाषेत ‘ड्रायव्हर-गाइड’ म्हणून ओळखला जाणारा हा इसम सामान्यतः पन्नाशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा, आणि काचेवरून पाण्याचे पाट वाहत असतानाही पलीकडे उघाड दिसते आहे असे शपथेवर सांगणारा असतो.

प्राचीन कथा, वंशावळी आणि पूर्वजांचे पराक्रम मुखोद्गत ठेवून सांगणाऱ्या माणसाला गेलिक समाजात ‘शानखी’ म्हणत, आणि ड्रायव्हर-गाइड स्वतःला या परंपरेचा थेट वारस समजतो. फरक इतकाच की, शानखीपुढे शेकोटी असे आणि हाताशी सबंध रात्र असे, तर याच्यापुढे वळणे असतात आणि हाताशी पुढच्या स्वच्छतागृहापर्यंतचा वेळ असतो. परिणामी त्याने इतिहास कालक्रमाने न लावता किलोमीटरने लावलेला असतो. इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमारास बांधलेले, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुने असलेले न्यूग्रेंजचे दफनस्थळ, आणि वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास त्याच्या अरुंद बोळातून सुमारे १७ मिनिटे आत शिरणारा सूर्योदयाचा किरण, हे सारे त्याला वाहनतळ दिसण्यापूर्वी संपवावे लागते. पुढे ट्रॅक्टर आडवा आला, तर व्हायकिंगांची स्वारी लांबते. रस्ता मोकळा मिळाला, तर इंग्रज सेनापती क्रॉमवेल दोन वाक्यांत आटोपतो.

त्याच्यावर खरी सत्ता चालते ती टॅकोग्राफची. वाहन किती वेळ धावले आणि चालकाने किती वेळ विसावा घेतला याची नोंद ठेवणारे हे यंत्र असून, युरोपीय संघाच्या नियमानुसार साडेचार तास चालवल्यानंतर चालकाला ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. मात्र कायद्याने लादलेल्या मुक्कामात प्रवाशांचे मन रमत नाही, हे ओळखून तो अशा गावाचे माहात्म्य दहा किलोमीटर आधीपासून सांगू लागतो आणि तिथले स्कोन, म्हणजे लोणी-जॅम लावून खाण्याचे गोडसर पाव, न खाता पुढे जाणाऱ्यांविषयी हळहळ व्यक्त करतो. निव्वळ यंत्राच्या धाकाने जिथे बस थांबली, त्या गावाची आठवण प्रवासी पुढे वर्षभर काढतात, आणि हे त्याचे सर्वांत मोठे वाङ्मयीन यश मानावे लागेल.

त्याच्या कलेचा कस लागतो तो ‘रिंग ऑफ केरी’ या, इव्हेरा द्वीपकल्पाला वळसा घालणाऱ्या सुमारे १७९ किलोमीटरांच्या मार्गावर. रस्ता इतका चिंचोळा आहे की समोरासमोर आलेल्या दोन बसगाड्यांची पंचाईत व्हावी; म्हणून सहलीच्या बसगाड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जातात. उलटी घातल्यानेच पुण्य पदरी पडावे, अशी ही प्रदक्षिणा. दिवस कलताना ‘लेडीज व्ह्यू’ येते. १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सोबतच्या सरदारस्त्रियांना इथून किलार्नीच्या सरोवरांचे दृश्य आवडले, म्हणून या जागेला हे नाव पडले. या वळणाच्या थोडे आधी तो वेग कमी करतो, खाकरतो, बाजूच्या आरशात उगाच एकदा पाहतो आणि आत्ताच सुचल्यासारखे सांगतो की, राणीच्या मंडळींना नुसती सरोवरे दिसली, आपल्याला मात्र त्याच तिकिटात धुकेही पाहायला मिळते आहे. हशा पिकतो. हा विनोद त्याने अवघा हंगामभर याच ठिकाणी केलेला असतो, कारण त्याचे विनोद माणसांशी नव्हे, वळणांशी बांधलेले असतात.

प्रवाशांतही त्याने वर्गवारी केलेली असते. अमेरिकेत आयरिश वंश सांगणारे तीन कोटींहून अधिक, तर २०२२ च्या जनगणनेनुसार आयर्लंड प्रजासत्ताकाची लोकसंख्या सुमारे ५१ लाख. तेव्हा बसमधील बरीच मंडळी फिरायला आलेली नसून आपल्या मते घरी परतलेली असतात. आडनाव ओसलिव्हन निघाले की तो खिडकीबाहेरच्या पडक्या भिंतीकडे बोट दाखवून, हे तुमच्याच लोकांचे असू शकते, असे गंभीरपणे सांगतो, आणि भिंतीची छायाचित्रे निघू लागतात. मराठी कुटुंब भेटले, तर त्याच्याकडे लिओ वराडकर तयार असतात. त्यांचे वडील मुंबईचे आणि घराणे मालवण तालुक्यातल्या वराडचे. ते स्वतः २०१७ मध्ये ‘टीशख’, म्हणजे आयर्लंडचे पंतप्रधान झाले. तुमचा माणूस आमच्यावर राज्य करून गेला, असे तो म्हणायचा अवकाश, की मागच्या आसनांवर वराड नेमके मालवणात की कुडाळात, यावर वाद पेटतो आणि त्याला पंधरा किलोमीटर घसा शेकता येतो.

सत्य आणि दंतकथा यांच्या वाटपात तो कमालीचा व्यवहारी असतो. उत्तरेकडील ‘जायंट्स कॉजवे’ येथील सुमारे ४०,००० बेसाल्टचे स्तंभ जवळपास सहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना बनले, हे शास्त्र तो एका वाक्यात उरकतो. फिन मॅकूल या राक्षसी वीराने स्कॉटलंडला जाण्यासाठी हा बांध घातला, म्हणे, या कथेला मात्र सबंध घाट मिळतो.

अपवाद फक्त दुष्काळाचा. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्यावर पडलेल्या करप्याने सुमारे दहा लाख माणसे मेली, दहा लाखांहून अधिकांनी देश सोडला, आणि त्याच काळात आयर्लंडमधून धान्याची निर्यात चालूच होती. पश्चिमेकडच्या डोंगरउतारांवर बटाट्याच्या जुन्या वाफ्यांचे उंचवटे आजही दिसतात; ते दाखवताना तो ‘म्हणे’ म्हणत नाही, विनोद करत नाही, आणि मागे ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवत असला तरी वेग वाढवत नाही. बसमधल्या अमेरिकी मंडळींच्या खापरपणजोबांनी देश का सोडला, ते कोणत्याही पडक्या भिंतीपेक्षा या उंचवट्यांत अधिक स्पष्ट लिहिलेले आहे, हे तो जाणतो; पण इथे आडनाव तो कुणालाच विचारत नाही.

शेवटच्या दिवशी, बक्षिसीची पाकिटे निघण्याच्या बेताला, इतका गुणी गट आजवर लाभला नाही, असे तो जाहीर करतो. दर सहलीला तो हे मनापासूनच म्हणतो, कारण त्या क्षणी मागील गटाची पाकिटे खर्च झालेली असतात. हंगाम संपला की तो उन्हाच्या आशेने सहकुटुंब स्पेनला जातो, तिथल्या सहलीच्या बसमध्ये पहिल्या रांगेत बसतो, आणि इथला गाइड विनोद दोन वळणे आधीच सांगून मोकळा होतो, अशी तक्रार दिवसभर बायकोकडे करत राहतो.