फुटबॉल जाऊ दे, बाकीच्यांना का ओढता?

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांपुढे सध्या एक प्रश्न ठाण मांडून बसलाय. अमेरिकन फुटबॉलच्या संघाने आपल्या जुन्या कॉन्फरन्समध्ये राहायचं, की जास्त पैसे देणारी नवी कॉन्फरन्स धरायची? माझं उत्तर सरळ आहे. फुटबॉलला जायचं असेल तर त्याने खुशाल जावं. सॉफ्टबॉल, टेनिस आणि व्हॉलीबॉलच्या पोरापोरींना मात्र त्याच्यामागे फरफटत नेऊ नये.

कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. पूर्वी हे गट शेजारपाजारच्यांचे असत, कारण प्रवास झेपला पाहिजे. पॅसिफिक किनाऱ्यावरचा असा गट १९१५ साली सुरू झाला आणि पुढे पॅक-१२ म्हणून नावारूपाला आला. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या दोन विद्यापीठांनी जाहीर केलं की, २०२४ पासून आम्ही बिग टेनमध्ये. बिग टेन हा मूळचा मिडवेस्टचा गट. त्याने त्याच ऑगस्टमध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या टीव्ही वाहिन्यांशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. पुढच्या वर्षी ४ ऑगस्टला एका दिवसात पाच विद्यापीठं पॅक-१२ मधून बाहेर पडली. स्टॅनफर्ड आणि बर्कली तर थेट अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये गेली, तीही सुरुवातीची काही वर्षं टीव्हीच्या पैशातला जेमतेम ३० टक्के वाटा कबूल करून. मागे उरली ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. शंभरी ओलांडलेला गट टीव्हीच्या पैशापायी वर्ष-सव्वा वर्षात मोडला.

तरीही जाणाऱ्यांना नुसती दूषणं देऊन भागणार नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. यूसीएलएच्या क्रीडा विभागाची तूट तेव्हा साठत साठत दहा कोटी डॉलरच्या वर गेली होती. आता जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात आणि पहिल्या वर्षाची मर्यादाच जवळपास २ कोटी ५ लाख डॉलर आहे. हा पैसा कुठून तरी उभा करायलाच हवा. तो फुटबॉलच आणतो, हे मला मान्य आहे.

पण फुटबॉलचा हिशेब बाकी खेळांना लागू होत नाही. फुटबॉलचे नियमित सामने वर्षाला बारा, त्यातले साधारण निम्मे बाहेरगावी, बहुतेक शनिवारी. संघाचं स्वतंत्र विमान असतं. सॉफ्टबॉलच्या मुली वर्षाला पन्नासच्या आसपास सामने खेळतात. कॉन्फरन्समधली मालिका म्हणजे शुक्रवार ते रविवार, तीन सामने. यूसीएलएच्या मुलीला बिग टेनमधल्याच, न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात जायचं असेल तर अंतर एका बाजूने जवळपास ३,९०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-गुवाहाटी हवाई अंतराच्या जवळजवळ दुप्पट. गुरुवारचे तास बुडवून विमान पकडायचं. उड्डाण पाच तासांचं, त्यात घड्याळ तीन तास पुढे. रविवारी दुपारी तिसरा सामना संपला की किटबॅग उचलून विमानतळ गाठायचा. रात्री उशिरा वसतिगृहात पोचायचं आणि सोमवारी सकाळी परीक्षेला बसायचं. ती विद्यार्थिनी आहे. व्यावसायिक लीगमध्ये खेळण्याचा पगार तिला मिळत नाही.

हे आधी कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. डिसेंबर २०२२ मध्ये यूसीएलए ज्याचा भाग आहे त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजंट्सनी, म्हणजे विश्वस्तांनी, ११ विरुद्ध ५ मतांनी यूसीएलएला परवानगी दिली, तेव्हाच खेळाडूंचा आहार, अभ्यास आणि मानसिक आरोग्य यांवर जादा खर्च करण्याची अट घातली. नुकसान होणार हे माहीत होतं, म्हणूनच भरपाई आधी ठरली.

आणि यूसीएलएचं नाव कोणामुळे झालं? पुरुष बास्केटबॉलची अकरा राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली दहा प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या हाताखालची. सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल, वॉटर पोलो धरून एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची विजेतेपदं १२० हून जास्त. फुटबॉलचा राष्ट्रीय विजेतेपदाचा मान १९५४ चा, तोही दुसऱ्या संघाबरोबर वाटून घेतलेला. ज्यांनी विद्यापीठाला नाव मिळवून दिलं, त्यांचा प्रवास ज्याने मिळवून दिलं नाही त्याच्या वेळापत्रकाने ठरावा, हा उघड अन्याय आहे.

वाट नाही असंही नाही. नोत्र दाम विद्यापीठाचा फुटबॉल संघ स्वतंत्र खेळतो, बाकीचे बहुतेक खेळ अटलांटिक कॉन्फरन्समध्ये. कनेक्टिकट विद्यापीठाने २०२० मध्ये धाडस केलं. फुटबॉल स्वतंत्र ठेवला आणि बास्केटबॉल वगैरे खेळ जुन्या बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये, शेजाऱ्यांकडे परत नेले. पुरुष बास्केटबॉलने २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली, २०२५ मध्ये मुलींनी जिंकलं. फुटबॉल वेगळा काढावा असं यूसीएलएचे तेव्हाचे फुटबॉल प्रशिक्षक चिप केली यांनीच २०२३ मध्ये सुचवलं होतं. खुद्द फुटबॉलवाला हे सांगतो, तेव्हा कुलगुरूंनी कानावर हात ठेवण्याचं कारण नाही. लॉस एंजेलिसची बाजारपेठ बिग टेनला हवी होती, म्हणजे अट घालायची ताकद यूसीएलएकडे होती. ती वापरली गेली नाही.

पुढची फेरी फार लांब नाही. बिग टेनचा करार दशकाच्या शेवटी संपतो. अटलांटिक कॉन्फरन्स सोडण्याचा दंडही मार्च २०२५ च्या तडजोडीप्रमाणे उतरत जाऊन २०३०-३१ मध्ये साडेसात कोटी डॉलरवर येतो. तिथली फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन ही विद्यापीठं तेव्हा दाराशी उभी असतील. त्यांच्या विश्वस्तांनी सही करण्याआधी एकच अट लिहून घ्यावी: फुटबॉल येईल, बाकीचे खेळ घराजवळ राहतील.

आणि आपल्याकडच्या ज्या घरांतली मुलं टेनिसच्या शिष्यवृत्तीवर तिकडे निघाली आहेत, त्यांच्या आईवडिलांना सांगणं: विद्यापीठाचं नाव बघून होकार देऊ नका. प्रशिक्षकाकडून गेल्या वर्षीचं सामन्यांचं वेळापत्रक मागवा, बुडालेले तास मोजा आणि मगच कागदावर सही करा.