निघायच्या बेतात

गोंडपिपरीच्या बसस्टँडवर पाठीवर केशरी सॅक, छातीवर पट्टे आणि पायात घोट्याच्या वर येणारे बूट अशा थाटात एखादे गृहस्थ आलुबोंडा खाताना दिसले, तर ते कुठून आले असं विचारू नका. ते कुठूनही आलेले नाहीत. ते निघायच्या बेतात आहेत आणि हा बेत कित्येक वर्षं शिळा झालेला नाही.

नाव सांगत नाही, कारण असे गृहस्थ प्रत्येक तालुक्यात एखाद-दुसरे निघतातच. आपण यांना भाऊ म्हणू. भाऊ शाळेत मास्तर आहेत. बेत रतनगड ते हरिश्चंद्रगड असा. बल्लारशाहहून रेल्वेनं इगतपुरी, तिथून भंडारदरा, मग रतनवाडी. अमृतेश्वराचं दर्शन घेऊन वर चढायचं, गडावरच्या गुहेत पथारी टाकायची, दुसऱ्या दिवशी नेढं बघून कात्राबाईच्या खिंडीकडे, पुढं पाचनई आणि शेवटी कोकणकडा. पाणी कुठं मिळतं, वाट कुठं फसवते, हे भाऊ इतक्या अधिकारानं सांगतात, की खिंड यांच्याच सातबाऱ्यावर असावी असं ऐकणाऱ्याला वाटतं.

भाऊंचं शास्त्र ग्रॅममध्ये चालतं. सॅकचं वजन अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शावर जाऊ द्यायचं नाही. सॅक, तंबू आणि झोपायची पिशवी या तीन वस्तूंवर आधी कात्री लावायची, कारण पाण्यावर लावता येत नाही. ते लिटरला किलो भरतंच. पुढची कात्री भाऊंनी टूथब्रशला लावली. दांडा अर्धा कापला आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ब्रश ठेवला. काट्यानं दखलही घेतली नाही. दुकानदारानं मात्र घेतली.

"मास्तर, राह्यलेला दांडा कायले ठेवता?"

"जोडी लागते तुलनेला," भाऊ म्हणाले, आणि वाचलेल्या वजनाच्या आनंदात समोरच्या टपरीवर दोन आलुबोंडे खाल्ले.

तुम्ही म्हणाल, मग अडलंय कुठं? सगळं ऋतूवर अडलंय. उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या पुढं जातो, तेव्हा सराव करायचा कधी? पावसाळ्यात वैनगंगा फुगली की आष्टीकडचा रस्ता बंद. आष्टी आणि इगतपुरी या विरुद्ध दिशा आहेत हे कुणी लक्षात आणून दिलं, तर भाऊ "प्रश्न मनाच्या तयारीचा आहे" म्हणतात. दिवाळीनंतर धानाची कापणी. पुढं झाडीपट्टीची नाटकं. रात्रभर नाटक बघितल्यावर सकाळी चढण चढू नये, असं वैद्यकशास्त्र आहे म्हणे. उरलेल्या दिवसांत मतदारयाद्या. मास्तरला मतदारयादीपासून देवही सोडवत नाही, हे मात्र मी मान्य करतो.

जवळच्या जंगलात का जात नाही, हाही प्रश्न लोक विचारतात. गोंडपिपरीच्या भोवती साग आहे, बांबू आहे आणि त्यात वाघ आहे. तंबू ठोकायला वनखात्याची परवानगी लागते, आणि वाघाची कोण काढणार? तिकडं ताडोब्यात तर जिप्सीतून पाय खाली ठेवता येत नाही. त्यामुळं पुण्याचा माणूस झाडं बघायला आमच्याकडे येतो आणि आमचे भाऊ उघडा कातळ बघायला पुण्याकडे निघायच्या बेतात असतात.

तरी एकदा सराव म्हणून भाऊ भरलेली सॅक घेऊन आष्टीच्या रस्त्यानं निघाले. दोन एसट्या आपणहून थांबल्या. "आलापल्ली का?" कंडक्टरनं विचारलं. "नाही, पायी," भाऊ म्हणाले. कंडक्टरनं घंटी मारली. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथं नाकाबंदी होती. पोलिसानं सॅक उघडायला लावली. आतून निघालं ते असं: चार दिवसांचं कोरडं अन्न, औषधं, दोर, कपाळाला बांधायची बॅटरी, होकायंत्र आणि टोपोशीट. त्या जिल्ह्यात एवढं सामान पाठीवर घेऊन चालणाऱ्या माणसाकडे पोलीस कसे बघतील, ते सांगायला नको.

"जंगलात किती दिवस राहायचा विचार आहे?"

भाऊंचा चेहरा उजळला. आजवर त्यांना हा प्रश्न इतक्या गांभीर्यानं कुणीच विचारला नव्हता. त्यांनी तक्ता काढला. पहिला दिवस, चढ किती, पाणी किती, दुपारी शेंगदाणे किती. कात्राबाईच्या खिंडीपर्यंत पोलिसानं कसाबसा दम धरला. पाचनई यायच्या आत त्यानं स्वतःच्या हातानं सॅक बांधून दिली आणि गोंडपिपरीकडे जाणारा एक ट्रक थांबवला.

भाऊंच्या घरी वस्तू वाया जात नाहीत. तंबूच्या खालच्या कापडावर त्यांची माय मिरच्या वाळवते. तंबू डासांच्या दिवसांत हॉलमध्ये उभा असतो आणि आत दोन्ही पोरं झोपतात. टायटॅनियमचा मग तेवढा कपाटात असतो. एका मोहवाल्या म्हाताऱ्याला भाऊंनी तो हातात देऊन दाखवला. हे लोक मोहाच्या दिवसांत पहाटे, वाघाच्याच वेळेला, टोपली आणि शिदोरी घेऊन जंगलात शिरतात. भाऊंनी तक्त्यात मांडलेली पायपीट त्यांची रोजची. म्हाताऱ्यानं मग तोलून पाहिला आणि खांद्यावरचा वाळक्या भोपळ्याचा तुंबा भाऊंच्या दुसऱ्या हातात दिला. तुंबा हलका निघाला. शिवाय त्यात पाणी गार राहतं. भाऊ दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

श्रावणात नागपंचमीच्या सुमारास विदर्भातून माणसांचे लोंढे पचमढीला नागद्वारच्या यात्रेला जातात. सातपुड्याची वाट, अंगावर पाऊस, गुडघ्याएवढा चिखल, लोखंडी शिड्या. व्याघ्र प्रकल्पातली ही वाट यात्रेच्या दिवसांपुरतीच उघडते. शेजारच्या काकू दरवर्षी जातात. मेणकापड, सातूचं पीठ आणि एक जादा लुगडं एवढी त्यांची तयारी. एका वर्षी त्यांनी भाऊंचा रेनकोट मागून नेला. पुढच्या वर्षी भाच्यानं बॅटरी नेली, मग कुणी काठ्या, कुणी सॅकच. थोडक्यात, भाऊंचं बहुतेक सामान नागद्वारला जाऊन आलेलं आहे. भाऊ तेवढे राहिले.

तेव्हा तुम्हाला कुठं चार दिवस डोंगरात जायचं असेल, तर विकत काही घेऊ नका. गोंडपिपरीला उतरा आणि भाऊंकडून घेऊन जा. वस्तू उत्तम आहेत, भाडं नाही. परत आल्यावर वाट कशी होती ते बैजवार सांगावं लागतं, आणि तुमचं कुठं चुकलं ते ऐकून घ्यावं लागतं.