ओवाळणीची मुदत

गेल्या भाऊबीजेला धाकट्या भावाने ताटात कार्ड टाकलं. मला वाटलं पाकीट खाली पडलं, म्हणून निरांजन बाजूला ठेवून मी पाटाखाली वाकून बघितलं. "ताई, ते कार्डच आहे. दोन हजारांचं," तो म्हणाला. पुढून लाल फीत छापलेली, मागून खरवडायचा चंदेरी पट्टा, आणि त्याखाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत : १८ ऑक्टोबर २०२६पर्यंत वापरावे. साठी उलटली माझी, पण भावाच्या मायेवर शेवटची तारीख छापलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आमच्या पौडला असल्या भेटींची जुनी सोय आहे. ब्लाऊजपीस. माझ्याकडचा मोरपंखी रंगाचा एक तुकडा दोन डोहाळजेवणं, एक वास्तुशांत आणि एक सत्यनारायण करून पुन्हा माझ्याच ओटीत आला. कोपऱ्यावरच्या शाईच्या डागावरून मी त्याला ओळखलं. त्याला पिन नाही, मुदत नाही, आणि तो कुठल्याही घरात चालतो. कार्ड एकाच दुकानात चालतं. म्हणजे भावाने त्या दुकानाला दोन हजार रुपये आगाऊ आणि बिनव्याजी देऊन ठेवले, आणि मला फक्त पावती ओवाळली.

शिमगा झाल्यावर जुना मिक्सर बसला, तेव्हा कार्डाची आठवण झाली. शहरात गेले. ५,३१० रुपयांचा मिक्सर पसंत केला. काउंटरवरच्या मुलीने फोन नंबर विचारला आणि आनंदाने म्हणाली, "काकू, तुमचे ५९० पॉइंट आहेत!" शंभर रुपयांच्या खरेदीला एक पॉइंट, एका पॉइंटचा एक रुपया. म्हणजे मी त्या दुकानात ५९ हजार घालवल्याचं ते प्रशस्तिपत्र होतं. फ्रीज, वॉशिंग मशीन, नातीची सायकल... इतकी वर्षं कोपराला लावलेला गूळ, आणि त्या दिवशी जीभ कोपरापर्यंत पोचली. बिल ४,७२० वर आलं. दोन हजार कार्डातून, २,७२० फोनवरून. मी जग जिंकून भूगावच्या गर्दीतून घरी आले.

तिसऱ्या दिवशी कांदा-खोबऱ्याचं वाटण अर्धं झालं होतं. मिक्सरने असा वास सोडला, की शेजारच्या वहिनींनी भिंतीपलीकडून विचारलं, "टायर जाळताय का हो?"

पुन्हा बस, मांडीवर मिक्सर. परतीच्या काउंटरवर बसलेल्या मुलाने बिल बघितलं, मिक्सर हुंगला आणि खालची ओळ दाखवली : विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आता अखिल भारतीय ग्राहक पंचायत बिंदुमाधव जोशींनी याच पुण्यात १९७४ साली उभी केली. त्या जिल्ह्यातली बाई असून मी ती ओळ वाचून निमूट पिशवी उचलायला निघाले होते. नवऱ्याने हात धरला. एरवी ते माझा हात धरत नाहीत. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांच्या आत पैसे परत करायचे, हे त्यांनी त्या मुलाला ऐकवलं. निवृत्त माणूस, पेपर जाहिरातींसकट वाचतात. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबरही सांगितला, तो जरा मोठ्यानेच. रांगेतल्या दोघांनी लिहून घेतला.

मुलगा नरमला. "घेतो परत. पण त्याच किमतीचं दुसरं काहीतरी घ्या ना."

आमच्या मुळशीच्या माणसाला हे वाक्य चांगलं ओळखू येतं. १९२१ साली टाटांच्या धरणासाठी जमिनी गेल्या तेव्हा मावळ्यांनाही मोबदला घ्या असंच सांगत होते, आणि सेनापती बापटांच्या मागे उभी राहिलेली माणसं म्हणत होती, 'जान किंवा जमीन'. त्यांच्या नावापुढे माझ्या मिक्सरचं नाव घेणं शोभत नाही, कबूल. पण मोबदला मिळणं वेगळं आणि आपलं परत मिळणं वेगळं, हे इकडे कोणाला शिकवावं लागत नाही. मी म्हटलं, "पैसे."

"मग जीएसटी कट होईल. ७२० रुपये. तो सरकारकडे जमा झाला."

खरं सांगते, मला हे पटलं. याचं कारण सोनं. जुन्या पाटल्या मोडायला नेल्या की सराफ घट काढतो, मजुरी घेताना गेलेलीच असते, आणि घेताना वर भरलेला तीन टक्के जीएसटी मोडताना कोणी परत देत नाही. बायका हे हिशेब जात्यावर बसल्यासारखे पाठ म्हणतात. जे सोन्याला, तेच मिक्सरला, असं समजून मी मान डोलावणार होते. तरी सीएची आर्टिकलशिप करणाऱ्या भाचीला फोन लावला.

"आत्या, पाटल्या मोडतेस तेव्हा तू सोनं विकत असतेस," ती म्हणाली. "मिक्सर तू विकत नाहीयेस, परत करतेयस. दुकान क्रेडिट नोट काढेल आणि सरकारला भरायच्या टॅक्समधून तेवढी रक्कम वजा दाखवेल. तुझे ७२० त्यांनी ठेवून घेतले, तर ते सरकारकडे नाही, त्यांच्याच गल्ल्यात राहतील."

मग तिने बिल वाचून दाखवायला लावलं. मिक्सरची मूळ किंमत ४,५००, त्यावर अठरा टक्के म्हणजे ८१०. पण पॉइंट म्हणजे सूट, आणि सूट बिलातच दाखवली, म्हणून कर बसला ४,०००वर : ३६० केंद्राला, ३६० राज्याला. म्हणजे माझ्या ५९०च्या सुटीतले ९० रुपये सरकारनेच सोडले होते! कार्ड मात्र सूट नाही, ते पैसेच. त्याने कराच्या आकड्यात काडीचा फरक पडत नाही. तिशीतल्या मॅनेजरने हे स्पीकरवर ऐकलं आणि मुलाकडे असं बघितलं, की मला त्या पोराची दया आली.

४,७२० पूर्ण परत, असं ठरलं. मी तळहात पुढे केला.

"असं नाही काकू. ज्या वाटेने आले त्याच वाटेने जाणार. २,७२० बँकेत, पॉइंट पॉइंटांत, दोन हजार कार्डात. कार्ड द्या."

कार्ड! शिल्लक शून्य झालेल्या कार्डाचं माणूस काय करतं? मी परातीला चिकटलेली कणीक खरवडायला घेतलं होतं. लोखंडी उलथन्यापेक्षा फार छान, परातीला ओरखडा पडत नाही. दुसऱ्या दिवशी ते घेऊन तिसऱ्यांदा शहरात गेले. नंबराचे शेवटचे चार आकडे वाळलेल्या कणकेखाली होते. मॅनेजरने पाण्याचा हात लावून, नखाने, एकेक आकडा मोकळा केला. त्याच्या हाताला सवय दिसली. घरी भांडी घासत असावा. कार्डात दोन हजार आले, मुदत जुनीच. पॉइंट ५९० नाही, ५४३ आले. मिक्सर घेतल्याबद्दल ४७ मिळाले होते, मिक्सर गेला तसे तेही गेले.

आमच्या गावातल्या शेठकडे तूरडाळीत किडे निघाले तर तो डाळ बदलून देतो आणि उधारीच्या वहीत एक काट मारतो. झाली क्रेडिट नोट. सुटा इंद्रायणी तांदूळ त्याच्याकडे बिनकराचा. तोच पंचवीस किलोंपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशवीत बांधला, की जुलै २०२२ पासून पाच टक्के. हे शेठला पाठ आहे, पॉइंट म्हणजे काय ते विचारू नका.

आता अडचण निराळीच झाली. यंदा अधिक ज्येष्ठ आला, म्हणून दिवाळी नोव्हेंबरात सरकली. कार्ड बनवणाऱ्याला अधिकमास कुठला ठाऊक! गेल्या भाऊबीजेची ओवाळणी पुढच्या भाऊबीजेच्या आधीच मरणार. तेव्हा अधिकमासातच मी पुन्हा दुकान गाठलं, कार्ड आणि पॉइंट दोन्ही रिकामे केले आणि जावयाच्या वाणासाठी, तेहतीस अनारसे बसतील असा, स्टीलचा मोठा डबा घेतला. घरी यायच्या आधी पौडच्या भांडीवाल्याकडून डब्यावर त्यांचं नाव घालून घेतलं आहे. म्हणजे तो आता कोणालाच परत करता येणार नाही.