कपटी राणी : नवशिक्यांसाठी कादंबरीलेखन

जुन्या वळणाची ऐतिहासिक कादंबरी लिहायचीय? पिवळी पानं, उखडलेली शिवण, मुखपृष्ठावर भुवई उंचावलेली बाई? उत्तम. विरार-चर्चगेट गाडीत हात हलवायला जागा नसते, पण कारस्थान रचायला हात लागत नाहीत.

१. आधी बाई ठरवा. परदेशी लेखकांना मध्ययुगातल्या क्रूर सम्राज्ञी हव्या तितक्या मिळतात. आपल्याकडे रझिया होती, पण ती दिल्लीची, आणि चार वर्षांत संपली. तेव्हा राघोबादादाची बायको आनंदीबाई घ्या. ती सम्राज्ञी नव्हे, अठरावं शतक म्हणजे मध्ययुगही नव्हे. पण तिचं नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं आणि तिची बाजू घेऊन कुणी मोर्चा काढत नाही. नवशिक्याला आणखी काय हवं?

२. समई लावा. दर प्रकरणात एकदा तिची वात थरथरलीच पाहिजे. बाई हसली तर कुत्सित, गप्प बसली तर गूढ, झोपली तर झोपेचं सोंग. पुरुषाला नुसतं हसू द्या.

३. जोडीला एक चांगली बाई लागते. रमाबाई आहेतच, १७७२ साली थेऊरला माधवराव पेशव्यांमागे सती गेल्या. या धंद्यात बाईला कामं दोनच, चितेवर चढायचं नाहीतर चिठ्ठीत खाडाखोड करायची. (वाईट वाटतंय? सुरुवातीला वाटतं. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत जातं.)

४. आता ती चिठ्ठी. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, मागे गारदी, पुढे अठरा वर्षांचे नारायणराव, 'काका, मला वाचवा'. त्याआधी आनंदीबाईकडून ‘धरावे’चं ‘मारावे’ करून घ्या. अस्सल चिठ्ठी दाखवा म्हणणाऱ्या वाचकाला प्रकाशन समारंभाला बोलावू नका. आणि मोडी शिकायच्या फंदात तर मुळीच पडू नका. शिकलात की ध चा मा स्वतः करून बघाल, आणि कादंबरी तिथेच अडकेल. खाडिलकरांनी १९०९ साली ‘भाऊबंदकी’त या मंडळींना रंगभूमीवर उभं केलं, प्रेक्षकांनी काही मोडीची परीक्षा दिली नव्हती.

५. राघोबादादाला, म्हणजे त्या हाकेतल्या काकाला, जपा. हे सगळ्यांत अवघड. १७६८ साली हा गृहस्थ धोडपला सख्ख्या पुतण्याशी, माधवरावांशी लढला, हरला आणि शनिवारवाड्यात कैदेत पडला. पेशवाई त्याला स्वतःलाच हवी होती, चिठ्ठीच्या कितीतरी आधीपासून. रामशास्त्र्यांनी नारायणरावांच्या खुनाबद्दल देहान्त प्रायश्चित्त सांगितलं तेही त्यालाच. एवढा सज्जड आरोपी हाताशी असला की नवशिका गांगरतो. गांगरू नका. ‘दादा मनाने भोळे होते’ एवढं एक वाक्य टाका. वाचक पुढचं स्वतःच समजून घेतो, त्याच्याही घरी एखादे भोळे दादा असतातच.

६. संदर्भासाठी हिंडायला पुण्याला कशाला जाता? वसई स्टेशनाबाहेर रिक्षा धरा, किल्ला बंदरावर उतरा. पडक्या चर्चच्या कमानीखाली लग्नाआधीचं फोटोशूट चालू असेल. नवरीचा झगा तुडवू नका. दोनच गोष्टी टिपून घ्या आणि कादंबरीत चुकूनही घालू नका. चिमाजी अप्पांनी १७३९ साली एवढ्या रक्ताने घेतलेली ही वसई १७७५ च्या सुरतेच्या तहात इंग्रजांच्या नावे लिहून दिली ती राघोबाने. नंतर इंग्रजांनी ती जिंकली, सालबाईच्या तहाने परत दिली. आणि ३१ डिसेंबर १८०२ ला राघोबाच्या मुलाने, दुसऱ्या बाजीरावाने, इथेच बसून उरलीसुरली स्वतंत्र पेशवाई इंग्रजांच्या फौजेच्या बदल्यात देऊन टाकली. दोन्ही कागद खरे, अभ्यासकांना वाचायला मिळतात. त्यांत खाडाखोडीची भानगड नाही. म्हणूनच ते रंगत नाहीत.

मुलाची आई कोण, याची मात्र शेवटच्या प्रकरणात जरूर आठवण करून द्या. रक्ताचा गुण वगैरे. वसईचा तह झाला तेव्हा आनंदीबाईला मरून आठ वर्षं झाली होती.