लाल ठिपका लावा, नेमबाज व्हा!

अभिनंदन! तुम्ही स्वस्तातलं एअर पिस्तूल घेतलंत. ४.५ मिलिमीटरची नळी आणि २० ज्यूलच्या आतली ताकद, म्हणून परवान्याची कटकटही नाही. आता छर्रा सांगितल्या जागी जात नाही, एवढीच अडचण. दोष हाताचा कसा असेल? पिस्तुलावर ठिपकेवाली साइट नाही, म्हणूनच हे होतंय. तेव्हा पुढच्या पायऱ्या निष्ठेने पाळा.

१. साइट पिस्तुलापेक्षा महाग घ्या. मनू भाकरने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलाचं कांस्य जिंकलं ते उघड्या साइटवर. त्या प्रकारात पिस्तुलावर भिंग किंवा ठिपका चालतच नाही, नाइलाज होता. तुम्हाला कोण अडवतंय?

२. मोजमाप करू नका. पिस्तुलावर ११ मिलिमीटरची खाच आणि साइटचा पाय २० मिलिमीटरच्या रेलचा, हे पार्सल फोडल्यावरच कळू द्या. मग अडॅप्टर मागवा. त्याने साइट आणखी उंच होईल आणि १० मीटरवर जुळवलेला नेम ५ मीटरवर खाली लागेल. याला अनुभव म्हणतात.

३. स्क्रू जेमतेम आवळा. स्प्रिंगच्या पिस्तुलाचा दट्ट्या मागेपुढे असे दोन्हीकडे हिसके देतो, त्यामुळे साइट खाचेतून हळूहळू मागे सरकते. स्क्रू घट्ट आवळून त्यांना जाम ठेवणाऱ्या थ्रेडलॉकरचा थेंब लावलात तर ती सहजासहजी हलणार नाही आणि सांगायला कारण उरणार नाही.

४. प्रत्येक छर्ऱ्यानंतर साइट फिरवा. हात टेकवून पाच छर्रे मारायचे, त्यांचा मध्य काढायचा आणि मगच क्लिक मोजायचे, हे चिकाटीवाल्यांचे उद्योग. एक एमओएचा, म्हणजे कोनाच्या एका मिनिटाचा, क्लिक १० मीटरवर जेमतेम ३ मिलिमीटर सरकवतो आणि तुमचं पिस्तूल छर्रे तळहाताएवढ्या जागेत उधळतं. क्लिकने तो तळहात डावीउजवीकडे सरकेल, त्याची मूठ होणार नाही. तरी फिरवत राहा, बोटांना व्यायाम.

५. रायफलची दुर्बीणही लावून बघा. तिला डोळा आठ-दहा सेंटिमीटरवर लागतो आणि तुमचा हात तर सरळ ताणलेला. आत वाटाण्याएवढा उजेड दिसेल. जवळ आणलीत तर हिसका भुवईवर सही करून जाईल.

६. ठिपका पूर्ण उजेडावर ठेवा. तीन एमओएचा ठिपका १० मीटरवर सुमारे ९ मिलिमीटर झाकतो आणि स्पर्धेच्या कागदावरचा दहाचा गोल ११.५ मिलिमीटरचा. उजेड वाढवलात की ठिपका फुगून तो गोल गिळतो. जे दिसलंच नाही, ते हुकल्याचं दुःख कशाला? रात्री साइट बंद करायला विसरा. सीआर २०३२ सेल वजनकाट्यातून काढता येतो, त्या निमित्ताने वजनाची काळजीही मिटेल.

७. ठिपका नाचतोय? साइट बिघडलेली नाही, तुमचा हात हलतोय. तो आधीही हलत होता, उघड्या साइटवर जाणवत नव्हता इतकंच. रिकामं पिस्तूल रोज दहा मिनिटं भिंतीवर रोखून धरलंत तर हात बसेल. पण त्याला पैसे पडत नाहीत, त्यामुळे शौकिनांत ही शिफारस कोणी करत नाही. मोठा ठिपका घ्या, थरथर त्यात लपते.

८. एवढं मात्र खरोखरच करा: डोळ्यांवर चष्मा, लक्ष्यामागे छर्रे अडवणारी पेटी. कठीण पृष्ठभागावरून छर्रा उलटा येतो आणि तेव्हा त्याचा नेम चांगला असतो.

९. शेवटी नवं पिस्तूल घ्या. एवढ्या महागड्या साइटखाली हे स्वस्तातलं बरं दिसत नाही.